आडवी धरली की चेन फिरते: एका टॉप-हँडल चेनसॉच्या कार्ब्युरेटरचं प्रकरण

यंत्र टॉप-हँडल चेनसॉ, ३५ सीसी, टू-स्ट्रोक, डायफ्रॅम कार्ब्युरेटरची (कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). झाडावर चढून, दोराला लटकून फांद्या छाटणाऱ्यांसाठी बनवतात तशी. मूठ मागे नसून इंजिनाच्या डोक्यावर, वजन कमी, सगळा तोल एका मनगटाखाली. मालकाची तक्रार अशी: "खाली नीट चालते. वर गेलं की कधी आचके खाऊन बंद पडते, कधी रेस न देताच चेन फिरायला लागते. स्क्रू फिरवून थकलो."

यातलं शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचं होतं. स्क्रू फिरवून थकलेल्या माणसाला ट्यूनिंग येत नाही असं समजायची आपल्याला घाई असते. पण कार्ब्युरेटरचे स्क्रू एकदा बसवले की महिनोन्‌महिने हलवावे लागत नाहीत. हवापालट झाला तर अर्धापाव आटा, बस (आटा म्हणजे स्क्रूचं एक पूर्ण वळण). तेच स्क्रू रोज फिरवावे लागत असतील तर बिघाड स्क्रूच्या पलीकडे कुठेतरी आहे, आणि स्क्रू फक्त त्याची भरपाई करत आहेत. इथे बिघाड दोन होते आणि एकाने दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं.

आधी मोजणी

कार्ब्युरेटरवर तीन स्क्रू असतात. एल हा आयडलचं, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असतानाचं, आणि तिथून रेस उचलतानाचं पेट्रोल ठरवतो, एच हा पूर्ण रेसचं. तिसरा टी, काही यंत्रांवर एलए, पेट्रोलला हातच लावत नाही. थ्रॉटलची, म्हणजे रेस देताना उघडणारी, झडप आयडलला किती उघडी राहील एवढंच तो पाहतो. एल किंवा एच घड्याळाच्या दिशेने फिरवला की पेट्रोल कमी होतं, हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन होतं. उलट फिरवला की रिच.

कशालाही हात लावण्याआधी एल आणि एच स्क्रूंच्या दोन्ही सुया हलक्या हाताने आत नेत, टेकेपर्यंत आटे मोजून लिहून ठेवले. टेकल्यावर जोर करायचा नाही. सुईचं टोक आणि सीट एकदा चेपली की तो कार्ब्युरेटर पुन्हा धड चालत नाही. मोजणीत एल अडीच आटे उघडा निघाला आणि एच जेमतेम पाऊण आटा. पुस्तिकेतली सुरुवातीची सेटिंग दोन्हींना एकेक आटा. टी चांगलाच आत दाबलेला. स्क्रू ठरावीक पट्ट्याबाहेर फिरू नयेत म्हणून कारखान्यातून बसवून येणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या गायब होत्या.

एवढ्यावरूनच अर्धी हकीकत कळते. अडीच आटे उघडलेला एल म्हणजे खालच्या रेसला इंजिन उपाशी होतं आणि कुणीतरी त्याला पेट्रोल पाजत गेलं. पाऊण आट्यावर आणलेला एच म्हणजे वरच्या रेसला कुणाला तरी आणखी फेरे हवे होते. दोन टोकांना दोन स्क्रू उलट दिशांना गेलेले दिसले की मी इंजिन चालू करायच्या आधी सायलेन्सर काढतो.

पिस्टन

टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी केलं की तेलही कमी होतं, आणि वाफ होताना पेट्रोल जी उष्णता ओढून घेतं तीही घेईनासं होतं. मिनिटाला १२,५०० फेरे म्हणजे सेकंदाला दोनशेहून जास्त स्फोट. त्या वेगात एच लीन असेल तर पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने आधी धरतो, म्हणजे सिलिंडरला घासून अडकतो, कारण तीच बाजू सगळ्यात तापते. लीन इंजिन बिनभाराचं किंचाळतं, जोरात असल्यासारखं वाटतं आणि मालक खूश होतो. पिस्टन धरण्याच्या आधीचा हा आवाज फार फसवा.

एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर पिस्टनवर उभे बारीक ओरखडे होते, नख अडकणार नाही इतके उथळ. रिंग मोकळी होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, १० बारच्या जवळ, म्हणजे साधारण १४५ पीएसआय. या आकाराच्या इंजिनाला ते ठीक आहे. थोडक्यात, वेळेवर आली. एच तिथल्या तिथे सव्वा आट्यावर आणला आणि कारण सापडेपर्यंत पूर्ण रेस द्यायची नाही असं ठरवलं.

सायलेन्सर हातात होताच, तर त्याची ठिणगी अडवणारी जाळीही पाहिली. काजळीने निम्मी बुजलेली होती. वरच्या रेसला दम कमी वाटण्याचं मूळ कारण बहुधा हेच, आणि त्यावर उपाय म्हणून कुणीतरी एच आवळला असावा. जाळी साफ केली. एअर फिल्टर धुतला, टाकीतला पेट्रोलचा फिल्टर बदलला, प्लग नवा लावला. ही कामं ट्यूनिंगच्या आधीची. घाणेरड्या एअर फिल्टरवर ट्यूनिंग केलं तर फिल्टर धुतल्या दिवशी इंजिन लीन होतं.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. मालक लिटरला ४० मिलि तेल घालत होता, पुस्तिका सांगते २०. "तेल जास्त तर इंजिन सुरक्षित" हा समज पक्का आहे. पण तेवढ्याच मापात तेल वाढलं की पेट्रोल घटतं. लिटरला ४० मिलि म्हणजे मिश्रण दीड-दोन टक्के लीन, वर काजळी जास्त, म्हणजे जाळी पुन्हा बुजणार. शिवाय टाकीतलं पेट्रोल-तेलाचं मिश्रण जुनं होतं, वासावरूनच कळत होतं. टाकी रिकामी केली, ५०:१ चं, म्हणजे लिटरला २० मिलि तेलाचं, ताजं मिश्रण भरलं. यापुढची प्रत्येक चाचणी त्याच डब्यातल्या मिश्रणावर केली. मध्येच इंधन बदललं तर काय बदलल्याने काय झालं हे सांगता येत नाही.

चालू केल्यावर

इंजिन नीट तापू दिलं. थंड इंजिनावर ठरवलेली सेटिंग गरम झाल्यावर बदलते, त्यामुळे ती मोजून उपयोग नाही. बार, म्हणजे चेन ज्याभोवती फिरते ते लांब पातं, आणि चेन चढवलेलीच ठेवायची. पुस्तिकेतले आकडे बहुतेक त्याच स्थितीतले असतात, आणि चेन आयडलला हलते का हे कळायला चेन तर हवीच. यंत्र जमिनीवर घट्ट धरलेलं, बारचं टोक मोकळ्या हवेत.

जमिनीवर उभी ठेवल्यावर आयडल जरा जड, घरघरतं, सायलेन्सरमधून निळसर धूर. रिच. रेस दिली की क्षणभर श्वास कोंडल्यासारखं होऊन मग उचलायची. आता या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. आयडलला इंजिन रिच आहे तर रेस उचलताना ते लीन असल्यासारखं का घुसमटतं? रिच घुसमट वेगळी असते: बुडबुडल्यासारखा आवाज, धूर, मग हळूहळू मोकळं होणं. ही घुसमट कोरडी होती. आवाजच नाही, मग एकदम झटका.

यंत्र उचलून डाव्या कुशीवर आडवं केलं, झाडावर धरतात तसं. घरघर थांबली, आवाज स्वच्छ झाला आणि फेरे वाढत गेले. फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरवर २,७०० वरून ३,९००, आणि चेन सरकू लागली. थोडी रेस देऊन सोडली तर फेरे लगेच खाली आले नाहीत. वरच लोंबकळत राहून सावकाश उतरले. सरळ केल्यावर पुन्हा घरघर.

डायफ्रॅम कार्ब्युरेटर मुळात कशासाठी आहे हे लक्षात घेतलं तर इथेच उत्तराची दिशा मिळते. मोटरसायकलच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो, म्हणून तो उलटा केला तर चालत नाही. चेनसॉ कुठल्याही कोनात चालायला हवी, म्हणून फ्लोटच्या जागी पातळ पडदा बसवला. पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला पेट्रोलचा छोटा कप्पा. इंजिन पेट्रोल ओढतं तसा पडदा आत वाकतो, एक इवलीशी दांडी दाबतो, दांडी सुई उचलते, पेट्रोल आत येतं. यात गुरुत्वाकर्षणाला जवळजवळ कामच नाही. म्हणून या यंत्राचं आयडल कोन बदलल्याने एवढं बदलत असेल तर "अशा मशिनींचं असंच असतं" हे उत्तर मला मान्य नाही.

आडवं केल्यावर फेरे पडले असते आणि धूर वाढला असता तर मी सुई गळतेय का ते पाहिलं असतं. फेरे वाढले आणि आवाज स्वच्छ झाला, याचा अर्थ कुठून तरी जास्तीची हवा आत येतेय. थ्रॉटलच्या झडपेच्या पुढे शिरणारी ही हवा. तिच्यावर ना स्क्रूचा ताबा ना बोटाचा.

कार्ब्युरेटर उघडला

तरीही आधी कार्ब्युरेटर उघडला, हवेचा शोध नंतर. कारण ती कोरडी घुसमट. हवेची गळती ती घडवू शकते, पण एल अडीच आटे उघडा असूनही घुसमट राहते म्हणजे पेट्रोलच्या बाजूलाही काहीतरी अडतंय.

उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढला. गॅस्केट आणि डायफ्रॅम कुठल्या क्रमाने बसतात हे कार्ब्युरेटरगणिक वेगळं असू शकतं, आणि क्रम चुकला तर यंत्र चालू होतं पण कधीच नीट चालत नाही. वॉल्ब्रो आणि झामा या दोन कंपन्यांचे कार्ब्युरेटर छोट्या यंत्रांवर सर्रास असतात. दोन्हींचे सुटे पडदे संचात मिळतात. फक्त कार्ब्युरेटरवर कोरलेला क्रमांक पाहून संच घ्यायचा, चेनसॉच्या मॉडेलवरून नाही. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या काळात वेगळे कार्ब्युरेटर लागलेले असतात.

पडदा काढून कानाजवळ हलवला तर कडकड आवाज आला. चांगला पडदा आवाज करत नाही, कापडासारखा लवतो. हा कडक झाला होता, मधल्या बटणाभोवती कायमचा घडीचा व्रण. कडक पडदा वाकायला जास्त ओढ लागते. आयडलला कसंबसं भागतं, पण रेस अचानक दिली की दांडी उशिरा दबते आणि त्या पाव सेकंदात इंजिन उपाशी राहतं. कोरड्या घुसमटीचा हिशेब लागला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवलं तर पडदे लवकर असे होतात. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, आयडलवर चालवून कार्ब्युरेटरही कोरडा करून ठेवावा, हा सल्ला कंटाळवाणा असला तरी संचाच्या किमतीपेक्षा स्वस्त आहे.

पंपाच्या बाजूचा पडदा त्या मानाने बरा होता, पण संचात असतोच तर तोही बदलला. हा दुसरा पडदा क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या, दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. मापाची दांडी पुस्तिकेतल्या उंचीवर आहे का ते पाहिलं. ती थोडी जरी वर असेल तर कार्ब्युरेटर रिच, खाली असेल तर लीन, आणि स्क्रू कितीही फिरवले तरी ती चूक पूर्ण भरून निघत नाही. इथे ती ठीक होती. आतली बारीक जाळी साफ केली, भोकांतून क्लीनर मारून मग हवा मारली. भोकांत तार घालू नये. ती भोकं मापाने पाडलेली असतात.

जोडून एल एका आट्यावर, एच सव्वावर ठेवून चालू केली. घुसमट गेली. रेस दिली की चटकन उचलू लागली. पण एकावर आयडल टिकेना, एल पावणेदोनपर्यंत न्यावा लागला. आडवी केली की फेरे अजूनही चढत होते, उलट आता जास्तच स्वच्छ चढत होते. पहिला बिघाड निघाला आणि दुसरा उघडा पडला. इथे थांबून एल पावणेदोनवर, टी थोडा सैल, असं करून यंत्र परत देता आलं असतं. जमिनीवर ते चाललंही असतं.

हवा कुठून

जास्तीची हवा शिरायच्या जागा मोजक्या असतात: कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी बूट, सिलिंडरखालचं गॅस्केट, क्रँकशाफ्टची दोन ऑइल सील (शाफ्ट बाहेर येतो तिथे हवा अडवणारी रबरी कडी), आणि दाबाचे ठोके नेणारी बारीक नळी. कोनानुसार बदलणारी गळती म्हटल्यावर सीलचा संशय आधी येतो, कारण बेअरिंग ढिलं असेल तर आडवं केल्यावर शाफ्टवरच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, वजनाने शाफ्ट किंचित सरकतो आणि सीलची ओठासारखी कड एका बाजूने सुटते. फ्लायव्हील धरून वर-खाली हलवून पाहिलं. ढिलेपणा जाणवला नाही.

चालू इंजिनावर जोडांभोवती क्लीनरचा फवारा मारून फेरे बदलतात का ते ऐकायचं, ही पद्धत बरेच जण वापरतात. टॉप-हँडल यंत्रात सगळं इतकं दाटीवाटीने असतं की बुटापासून तापलेला सायलेन्सर बोटभर अंतरावर येतो. तिथे ज्वालाग्राही फवारा मारायची माझी तयारी नाही. दाबाची चाचणी वेळखाऊ आहे, पण तिचं उत्तर निर्विवाद असतं.

सायलेन्सर आणि सिलिंडर यांच्यामध्ये रबराचा तुकडा घालून एक्झॉस्ट बंद केला. आता हवा-पेट्रोल आत येण्याची बाजू कुठे बंद करायची, हा खरा प्रश्न. सोयीचं म्हणून बूट काढून थेट सिलिंडरच्या तोंडावर पट्टी लावतात. तसं केलं की बूट चाचणीच्या बाहेर राहतो, आणि नेमका तोच फाटका असेल तर चाचणी उत्तीर्ण होते. म्हणून बूट जागेवर ठेवून त्याच्या कार्ब्युरेटरकडच्या तोंडावर पट्टी आवळली. ठोक्यांच्या नळीतून हातपंपाने ०.५ बार दाब भरला.

काटा स्थिर. मिनिटभर पाहिलं, हलला नाही. मग उलटी चाचणी, ०.५ बार ओढ. तीही करायलाच हवी, कारण घासलेलं सील कधी दाब धरतं आणि ओढीला सुटतं. आयडलला इंजिन ओढतच असतं. तीही टिकली. कागदावर इंजिन हवाबंद होतं.

पण झाडावर चेनसॉ अशी निपचित पडून चालत नाही. या रचनेत मूठ, टाकी आणि कार्ब्युरेटर हा एक भाग आणि इंजिन, बार, चेन हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये कंप शोषणाऱ्या स्प्रिंग असतात. म्हणजे मुठीत धरलेला कार्ब्युरेटर आणि त्याच्या पलीकडचं इंजिन सतत एकमेकांपासून हलत असतात, आणि त्यांना जोडणारी एकच वस्तू म्हणजे तो बूट. आडवं धरलं की इंजिनाचं सगळं वजन स्प्रिंगवर तिरपं लटकतं आणि बूट एका बाजूला ताणला जातो.

पुन्हा दाब भरला, मूठ एका हातात, बार दुसऱ्या हातात, आणि आडवं धरल्यावर वजन जसं येतं तसं दोन्ही भागांना एकमेकांपासून ओढलं. काटा सरसर खाली. सोडलं, थांबला. साबणाचं पाणी लावून पुन्हा ओढलं तर बुटाच्या खालच्या घडीतून फेसाची माळ निघाली. भेग नखाएवढी, घडीच्या आत, बाहेरून न दिसणारी. मोकळा असताना तिच्या कडा एकमेकींवर बसून ती बंद व्हायची.

मालकाच्या तक्रारीतली दोन टोकं आता एकाच धाग्यात आली. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन घोटभर हवेवर चालतं. त्या घोटात नखाएवढी भेगही मोठा वाटा उचलते. त्याने यंत्र हातात धरून, भेग थोडीफार उघडी असताना एल उघडत नेला, अडीचपर्यंत. मग भेग मिटली की तेवढं पेट्रोल जास्त व्हायचं, इंजिन तुंबून आचके खात बंद पडायचं. ते टाळायला टी आत दाबला. मग भेग पूर्ण उघडली की हवाही मिळाली, पेट्रोलही भरपूर होतं, थ्रॉटलही उघडाच होता, आणि फेरे क्लच (ठरावीक फेऱ्यांनंतर इंजिनाला चेनशी जोडणारा भाग) पकडण्याच्या पुढे गेले. प्रत्येक वेळी त्याने स्क्रू बरोबर दिशेने फिरवला होता. फक्त त्याच्या हातात जे इंजिन होतं ते दर मिनिटाला बदलत होतं.

आयडलला फिरणारी चेन कुठल्याही चेनसॉला वाईटच, पण टॉप-हँडलला ती फार वाईट. हे यंत्र दोन फांद्यांच्या मधल्या वेळात कमरेच्या पट्ट्याला बऱ्याचदा चालू स्थितीत लटकतं, मांडीपासून वीतभर अंतरावर, चढायच्या दोराच्या शेजारी. म्हणूनच "टी थोडा सैल करून द्या" हा पर्याय मी धरत नाही.

मग ट्यूनिंग

नवा बूट बसवला, ओढून-ताणून दाबाची चाचणी पुन्हा घेतली, काटा हलला नाही. आता कुठे स्क्रूंना अर्थ आला.

एल आधी. आयडलवर ठेवून एल हळूहळू आत नेला, फेरे चढत गेले आणि मग अडखळून पडू लागले. तिथून बाहेर आणत सगळ्यात जास्त फेऱ्यांची जागा शोधली आणि तिच्याहून किंचित रिचकडे ठेवला. पाव आट्याच्या आतलाच हा फरक. मग टी ने आयडल २,८०० ला. रेस दिली, उचल चटकन. सोडली, फेरे झटकन खाली. अर्धा मिनिट आयडलवर ठेवून पुन्हा रेस दिली, कारण एल जास्त रिच असेल तर तेवढ्या वेळात क्रँककेसमध्ये पेट्रोल साचतं आणि पहिल्याच रेसला इंजिन बुडबुडतं. तसं झालं नाही. एल सव्वा आट्यावर बसला. अडीचवरून सव्वावर.

एल आधी आणि एच नंतर असा क्रम यासाठी, की बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये एलच्या वाटेने येणारं पेट्रोल पूर्ण रेसलाही चालूच राहतं. एल हलवला की एचचं गणित बदलतं.

एचच्या बाबतीत या यंत्राने आणखी एक गोष्ट सांगितली. टू-स्ट्रोक इंजिन बिनभाराच्या पूर्ण रेसला थोडं रिच असेल तर स्फोट मधूनमधून चुकतो आणि आवाज फाटल्यासारखा फरफरतो. जाणकार याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. लाकडात घातलं की भार येतो आणि आवाज स्वच्छ होतो, वर काढलं की पुन्हा फरफर. कानाने एच बसवण्याची सगळी विद्या याच फरफरीवर उभी आहे. पण प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या हल्लीच्या बऱ्याच कॉइलमध्ये फेरे मर्यादित करण्याची सोय असते. ठरावीक फेऱ्यांवर ती ठिणगी तोडते, आणि तो आवाजही फरफरीसारखाच येतो. कानाला वाटतं इंजिन अजून रिच आहे, हात एच आणखी आवळतो. बुजलेल्या जाळीमुळे सुरू झालेली आवळाआवळ पाऊण आट्यापर्यंत पोहोचली ती बहुधा याच रस्त्याने.

ओळखायची युक्ती टॅकोमीटरवर आहे. प्लगच्या वायरजवळ धरायचा साधा टॅकोमीटर पुरतो, टू-स्ट्रोकच्या, दर फेऱ्याला एक ठिणगी या सेटिंगवर. एच थोडा उघडला आणि फेरे तसूभरही हलले नाहीत, एकाच आकड्यावर थरथरत राहिले, तर ती कॉइलची मर्यादा. एच उघडल्यावर फेरे सावकाश उतरले तर ती खरी रिच फरफर. या यंत्रावर कॉइल १३,५०० ला तोडत होती. सव्वा आट्यावर फेरे १२,१०० निघाले, पुस्तिकेतली कमाल मर्यादा १३,०००. थोडा आत नेऊन १२,५०० वर थांबवला. पूर्ण रेस दर वेळी चार-पाच सेकंदच, चेन ब्रेक सोडलेला. ब्रेक लावून पूर्ण रेस दिली तर क्लच जळतो.

मर्यादेपर्यंतचे उरलेले पाचशे फेरे मी सहसा घेत नाही. थंड सकाळी हवा दाट होते आणि तीच सेटिंग लीनकडे सरकते. दुपारच्या उन्हात काठोकाठ बसवलेला एच दुसऱ्या दिवशी पहाटे पिस्टनला महागात पडतो. उंच डोंगरावर उलट होतं, हवा विरळ म्हणून मिश्रण रिच होतं. तिथे एच थोडा आवळावा लागतो, आणि खाली उतरल्यावर आठवणीने पुन्हा सोडावा लागतो. लोक विसरतात ते हे सोडणं.

शेवटची परीक्षा लाकडात घेतली. बारच्या निम्म्या लांबीएवढा जाड ओंडका, धार लावलेली चेन. बोथट चेनवर एच तपासू नये. इंजिन दमलेलं वाटतं आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. कापताना आवाज स्वच्छ, भार सुटला की किंचित फरफर. मग आयडलवर ठेवून बारचं टोक वर, खाली, डावी कूस, उजवी कूस, आणि पट्ट्याच्या कडीला लटकवून. फेरे जेमतेम शे-दीडशेने इकडेतिकडे. चेन जागची हलली नाही. गरम असताना बंद करून काही वेळाने पुन्हा ओढली, सहज लागली.

स्क्रूंवर नव्या टोप्या चढवल्या आणि एल, एच दोन्हींचे आटे कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले. पुढे कुणाच्याही हातात गेली तरी मूळ जागा कुठे होती हे कळावं. पिस्टनच्या ओरखड्यांबद्दल मालकाला दाखवून सांगितलं. कॉम्प्रेशन चांगलं आहे, रिंग मोकळी आहे, आत्ता बदलण्यात अर्थ नाही. पण यापुढे दर हंगामाला सायलेन्सर काढून एक नजर टाकायची, आणि ओरखड्यात नख अडकू लागलं तर वाट पाहायची नाही.

नवे पडदे काही टाक्या चालल्यावर थोडे सैलावतात, म्हणून काही आठवड्यांनी यंत्र पुन्हा मागवलं होतं. एचला हात लावावा लागला नाही. एल किंचित आत न्यावा लागला, टोपीच्या पट्ट्यात बसेल एवढाच. जाळीवर काजळी नव्हती. तेलाचं माप २० मिलिवर आलं होतं.